जयवंताबाईंची भिंत

खापरखेड्याच्या वीज केंद्रात मी लेखा विभागात लागलो, तेव्हा वसाहतीत मला जो क्वार्टर मिळाला त्याच्या डाव्या हाताला नानाजी भोयर राहत. नानाजी बॉयलरवर ऑपरेटर होते. घरात दोघंच, ते आणि त्यांच्या पत्नी जयवंताबाई. मूलबाळ नव्हतं. मी तेव्हा सडाफटिंग, त्यामुळे पहिले काही महिने माझं जेवण त्यांच्याकडेच व्हायचं. पुढे लग्न झाल्यावर माझ्या बायकोनेही वसाहतीत रुळायचे धडे त्यांच्याच स्वयंपाकघरात घेतले. आता मी निवृत्तीला आलो आहे. नानाजी केव्हाच निवृत्त झाले आणि मानकापूरला घर बांधून राहिले. मीही नागपुरातूनच रोज ये-जा करतो. शेजार सुटला, येणं-जाणं सुटलं नाही.

जयवंताबाई मूळच्या उमरेडच्या. वडिलांचे हातमाग होते. उंच, हाडाने रुंद, बोलायला कमी आणि हसल्या तरी आवाज न करणाऱ्या. त्यांची एक सवय मला लवकर लक्षात आली. काहीही सांगताना त्या आधी ते कुठून कळलं ते सांगत. "हे मी पाह्यलं" किंवा "हे मी ऐकलं, पाह्यलं नाई." वसाहतीत बातम्या वाऱ्यावर चालत. कोणाची बदली, कोणाच्या पोरीचं लग्न मोडलं, कोणाचा वरच्या साहेबाशी खटका उडाला. जयवंताबाईंकडे आलेली बातमी मात्र पाहिलेली की ऐकलेली, हे ठरल्याशिवाय पुढे जात नसे. मला हा स्वभाव फार आवडायचा. आमच्या खात्यात अशी माणसं असती तर अर्धं काम कमी झालं असतं.

नानाजींचं वसाहतीतलं मोठेपण मात्र बॉयलरचं नव्हतं. ते वसाहतीतल्या आमच्या यात्रा मंडळाचे भगत होते.

नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या डोंगरातल्या नागद्वारीला आमच्या भागातून किती माणसं जातात, हे इकडच्या वाचकाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच की ती चढण-उतरणीची, दऱ्याखोऱ्यांची आणि गुहांची यात्रा आहे. ज्यांना मूल हवं असतं ते नागदेवाला काजळाचा नवस बोलतात. नेहमीच्या वाटेवरची ठिकाणं सगळ्यांची. पण वसाहतीतल्या मंडळाचं स्वतःचं असं एक ठिकाण होतं, मुख्य वाट सोडून थोडं आडबाजूला. त्याला आंधळी कपार म्हणत. आधी वाकून जायचं, मग थोडं उभं राहता येतं, मग पोटावर सरपटायचं, आणि शेवटी खडकात एक आडवी अरुंद फट. त्या फटीला नाव होतं उंबरठा. उंबरठ्यापर्यंत दिवा न्यायचा, तिथे ठेवायचा आणि पुढे अंधारात जायचं. जायचं एकट्या भगतानेच. बायकांनी दिलेल्या काजळाच्या डब्या आत जिथे वाट संपेल तिथे ठेवायच्या आणि परत फिरायचं. आत काय पाहिलं ते कोणाला सांगायचं नाही.

आमच्याकडे जुन्या देवळाखालून एखादं भुयार निघतंच आणि ते कुठेतरी फार लांब जातं, असं लोक सांगतात. ते चालून पाहिलेलं कोणी भेटत नाही. मला वाटतं लोकांना भुयारापेक्षा ते न चाललेलं असण्यातच गोडी असावी. आंधळ्या कपारीचं तसंच होतं. इंजिनिअर झालेले साहेब लोकसुद्धा कँटीनमध्ये नानाजींच्या शेजारी चहा घेऊन बसत आणि आवाज खाली करून विचारत, खरंच काय आहे हो आत? नानाजी मान हलवायचे. "सांगाचं नसते साहेब." साहेबाच्या चेहऱ्यावर तेवढ्यानेच समाधान दिसायचं. हिशेबात बेरजेखाली दोन रेघा मारल्या की पुढे काही उरत नाही. माणसाच्या मनाला मात्र त्या दोन रेघांखाली काय आहे, हेच पाहायचं असतं.

नानाजींच्या आधी नत्थूजी नावाचे केंद्रातले म्हातारे मदतनीस, म्हणजे आमच्याकडचे खलाशी, भगत होते. नत्थूजी थकले तेव्हा त्यांनी नानाजींना निवडलं, त्यालाही कारण होतं. बॉयलर बंद ठेवून दुरुस्ती चालते तेव्हा ड्रमच्या तोंडातून, जेमतेम खांदे मावतील एवढ्या भोकातून, आत उतरावं लागतं. नानाजी त्यात पटाईत. सडपातळ अंगाचे आणि अंधाराला न भिणारे. नत्थूजींना वाटलं, याच्याइतका लायक दुसरा नाही.

पहिल्या वर्षी नानाजी निघाले तेव्हा त्यांच्या कमरेच्या फडक्यात बायकोची डबीसुद्धा होती. तुपाच्या दिव्यावर ताट धरून जयवंताबाईंनी स्वतः काजळ पाडलं होतं. भगताच्या बायकोने यात्रेला जायचं नसतं. तो परत येईपर्यंत घरी दिवा तेवत ठेवायचा असतो, म्हणून त्या घरीच थांबल्या.

नानाजी परतले. वसाहतीत वाजतगाजत मिरवणूक निघाली. लोकांनी पाया पडून घेतलं. सगळे पांगल्यावर दुपारी जयवंताबाई परातीत कोमट पाणी घेऊन त्यांचे सोललेले पाय धुवत होत्या, तेव्हा नानाजींनी त्यांना सांगितलं की आत काहीच नाही. उंबरठा ओलांडला की हातभरावर भिंत आहे. सरळ, उभी, दगडी भिंत. डब्या भिंतीशी ठेवल्या आणि आलो. नियम मोडून मी हे तुलाच सांगतो आहे, कोणाजवळ बोलू नको. लोकांच्या आशा आहेत.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. ते जयवंताबाईंनी अगदी अलीकडे सांगितलं. पण जसं घडलं तसं लिहिलं तर समजायला सोपं, म्हणून इथे आधी लिहितो.

त्या दिवशी त्यांना वाईट वाटलं, पण त्याहून दुसरं काहीतरी मोठं वाटलं. एवढं जग ज्याच्या तोंडाकडे बघतं, साहेब लोक ज्याच्या शेजारी चहा घेऊन बसतात, त्याने खरं काय ते फक्त आपल्याला सांगितलं. नवऱ्याने दागिना आणला असता तर त्याचं एवढं वाटलं नसतं, असं त्या म्हणाल्या. नानाजींचा शब्द त्यांनी ऐकलेल्या गोष्टींत धरलाच नाही, पाहिलेल्या गोष्टींत धरला.

पुढच्या वर्षी त्यांनी डबी दिली नाही. भिंतीजवळ डबी ठेवून काय होणार? उमरेडहून त्यांच्या आईने आपल्या देव्हाऱ्यातल्या दिव्याचं काजळ पाडून पितळेच्या डबीत धाडलं, तेही त्यांनी परत पाठवलं. का, ते सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर नवऱ्याचा शब्द मोडला असता. आईने समजायचं ते समजून घेतलं, की पोरीला मूलच नको आहे. त्यानंतर आई त्यांच्याशी पहिल्यासारखी बोलली नाही, आणि तशीच गेली.

वसाहतीतल्या बायका तर तोंडावर बोलत. हळदीकुंकवाला एकदा माझ्या बायकोसमोरच एक बाई म्हणाली होती, "नवरा दुसऱ्याइचे पाळणे हालवते, अन् हिच्यानं घरची डबी देणं होत नाई. गर्व हाये बाप्पा." जयवंताबाईंनी तिच्याच ओटीत दोन मुठी गहू जास्त घातले आणि पुढे सरकल्या. माझी बायको घरी येऊन म्हणाली, या बाईंना राग कसा येत नाही? आता कळतं. त्यांना राग येण्याऐवजी दया यायची. या बिचाऱ्या उंबरठ्याकडे डोळे लावून बसल्या आहेत, आणि आपल्याला पलीकडची भिंत ठाऊक आहे.

दामिनी नावाच्या शेजारणीला बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला, तिने डबी दिल्याच्या पुढच्याच वर्षी. ती पेढे घेऊन आली आणि पोराला नानाजींच्या पायावर घातलं. जयवंताबाईंनी पोराला उचललं, त्याच्या गालाला तीट लावली. त्या दिवशी एकदाच त्यांचं मन डगमगलं. संध्याकाळी त्यांनी नानाजींना विचारलं, भिंत पक्की आहे ना? कुठे फट-बिट तर नाही? नानाजी म्हणाले, "तळहात लावून पाह्यली वं. थंडी, ओली. शेवाळ हाये तिच्यावर."

तळहात, ओल, शेवाळ. एवढं सांगितल्यावर संशय कुठे उरणार? त्या रोज भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती भिंत डोळ्यांसमोर बघत. नागपूरच्या धरमपेठेतल्या डॉक्टरांनी दोघांतही दोष नाही, धीर धरा, असं सांगितलं होतं. त्यांनी धीर धरणंही हळूहळू सोडून दिलं. नानाजी यात्रेला गेले की दिवा मात्र नेमाने लावत. तो भिंतीसाठी नव्हता, नवरा सुखरूप यावा म्हणून होता.

नानाजींचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी भगतपण सोडलं. नत्थूजींचा नातू दुर्गेश, केंद्रात कंत्राटदाराकडे वेल्डिंगचं काम करतो, तो तयार झाला. तिशीचा, अंगाने काटक, जिभेला लगाम नसलेला. मंडळाने ठरवलं की त्या वर्षी आंधळ्या कपारीच्या तोंडाशीच नानाजींना शाल-श्रीफळ द्यायचं, आणि वहिनींनाही न्यायचं. आता त्या भगताच्या बायको नव्हत्या, त्यामुळे दिव्याचं बंधन सुटलं होतं. नानाजींनी खूप टाळलं. गुडघे पुढे केले. पोरं म्हणाली, खुर्चीत बसवून नेतो. मग पाऊस पुढे केला. दुर्गेश म्हणाला, "नानाजी, बॉयलरच्या आगीत उभे राह्यले, अन् आता पाण्याले भिऊन राह्यले का गा?" सगळे हसले. शेवटी नानाजींना यावंच लागलं. सामानाची व्यवस्था दरवर्षी माझ्याकडे असते, म्हणून मी होतोच.

जयवंताबाई पासष्टीच्या होत्या, पण चढ अशा चढल्या की आम्ही मागे राहिलो. डोंगराच्या प्रत्येक वळणावर थांबून त्या खाली बघायच्या. मला म्हणाल्या, इतकी वर्षं हे सगळं ऐकलेलं होतं, आता पाहिलेल्यात जमा झालं.

कपारीशी पोचल्यावर मंडळींनी एका बाजूला गोवऱ्या पेटवून कणकेचे रोडगे भाजायला लावले, वांग्याची भाजी चढवली. नानाजींची खुर्ची तोंडाजवळच्या एका सपाट दगडावर ठेवली. त्यांनी दुर्गेशला जवळ बोलावून समजावलं की उंबरठ्याशीच डब्या ठेव आणि माघारी ये, पुढे आपलं काम नाही. दुर्गेशने हो हो केलं, फडकं कमरेला बांधलं आणि "हर बोला हर हर महादेव" म्हणत आत शिरला.

तो लवकर आला नाही. भाजी शिजली तरी आला नाही. नानाजी सारखे कपारीकडे बघत आणि हातातलं उपरणं पिळत होते. मला वाटलं, पोराची काळजी.

दुर्गेश बाहेर आला तो चिखलाने माखलेला आणि आनंदाने वेडा झालेला. डोक्याला बॅटरीचा पट्टा. तो त्याने खिशात लपवून नेला होता. मंडळी चुलीकडे होती. नानाजी, जयवंताबाई आणि मी, तिघंच जवळ होतो. तो नानाजींच्या पायाशी धपकन बसला.

"नानाजी, काय माणूस हाये जी तुम्ही! इतकं मोठं हाये तिथं, अन् एका शब्दानं नाई सांगतलं?"



दुर्गेश सांगत सुटला. उंबरठ्यातून खांदे तिरके करून घुसलं की पलीकडे एवढी मोठी जागा आहे की बॅटरीचा उजेड समोरच्या टोकाला पोचत नाही. खाली वाळू. कुठून तरी पाणी वाहतं आहे, त्याचा आवाज येतो पण ते दिसत नाही. वाळूत त्याच्या आजोबांच्या काळच्या पितळेच्या डब्या, काळ्या पडलेल्या, ओळीने मांडलेल्या. त्याने त्यांना हात लावून नमस्कार केला. पुढे अजून वाट आहे, बॅटरी क्षीण झाली म्हणून तो फिरला.

जयवंताबाईंनी विचारलं, "भिंत कुठीसा लागते?"

"कायची भिंत काकू?"

"उंबरठ्याच्या पलीकडं."

"भिंत नाईच ना जी. संपतच नाई ते." मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो हसत नानाजींकडे वळला. "अन् एक सांगा, प्लास्टिकच्या साऱ्या डब्या अलीकडंच कपारीत कोंबल्या हायेत. पितळेच्या साऱ्या तिकडं, प्लास्टिकच्या इकडं. देवानं प्लास्टिकबंदी केली का?"

हसणारा तो एकटाच होता. पितळेच्या डब्या नत्थूजींच्या काळच्या. प्लास्टिकच्या, बाजारात मिळतात तशा, नानाजींच्या काळच्या. हे त्याच्याही लक्षात आलं आणि त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं. जयवंताबाईंनी त्याला सांगितलं की जा, तोंड धुऊन घे, आणि यातलं कोणाजवळ बोलू नको, दामिनीच्या पोराला कोणी काही सांगायला नको. तो उठून गेला. मीही उठणार होतो, पण त्यांनी हाताने बस म्हणून खूण केली. त्यांना साक्षीला कोणीतरी हवं होतं असं मला वाटतं.

त्या नानाजींकडे बघत नव्हत्या. कपारीकडे बघत होत्या.

"तुमी तळहात लावला होता म्हणाले."

"लावला होता," नानाजी म्हणाले. "फटीच्या काठाले."

"शेवाळ?"

"ते काठावरच हाये."

"म्हंजे गेलेच नाई कधी. एकाही साली नाई."

नानाजींनी उपरणं गुडघ्यावर सरळ केलं. मग ते बोलायला लागले, आणि इतकी वर्षं मी त्यांना एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. ते म्हणाले की पहिल्या वर्षी दिवा ठेवून त्यांनी डोकं आत घातलं. आतून गार वारा आला. त्यांनी हाक मारली. बॉयलरच्या ड्रममध्ये हाक मारली की परत येते, मग कळतं की पोलाद आहे, शेवट आहे, आपण त्याच्या आत आहोत. इथे हाक गेली ती गेली. परत आलीच नाही. साप असता, वाघ असता तर गेलो असतो. पण पुढे काहीच नसल्यासारखं झालं आणि आत जाववेना. डब्या अलीकडेच कोंबल्या आणि बाहेर आलो. दरवर्षी ठरवायचो की या वर्षी जाऊ. दरवर्षी काठापर्यंत जाऊन बसायचो.

"अन् मले भिंत सांगतली."

"तुले काय सांगू मंग?"

"भ्यालो म्हणून सांगाचं. मी कोणाले सांगतलं असतं? भिंत नाई सांगतली कोणाले, ते सांगतलं असतं का?"

नानाजी म्हणाले, "तू म्हणाली असती, पुढच्या साली जा. पुन्हा जा."

"हाव. म्हणाली असती."

"म्हणूनच भिंत सांगतली वं. भिंत हाये म्हटलं का मंग विचाराले काही राहत नाई."

जयवंताबाईंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "लोकाइले दाखवलं ते खोटं, हे मले ठाऊक होतं जी. मले सांगतलं ते तरी खरं, असं वाटे. त्याच्याच भरोशावर राह्यली मी. बायका बोलल्या त्या मी ऐकून घेतल्या. आईची डबी वापस धाडली." मग म्हणाल्या, "तिले काय वाटलं असन."

चुलीकडून मंडळाच्या अध्यक्षांनी हाक दिली की कार्यक्रमाला सुरुवात करू या.

जयवंताबाई उठल्या. पदर कमरेला खोचला. दुर्गेशकडे गेल्या आणि त्याच्या डोक्याचा पट्टा मागितला. नव्या बॅटऱ्या माझ्या सामानात होत्या, त्या मी घालून दिल्या. नानाजी खुर्चीतून अर्धे उठले. "जाऊ नको वं जयवंता," एवढंच म्हणाले. बायकोला सगळ्यांसमोर नावाने हाक मारताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. त्यांनी मागे पाहिलं नाही. दुर्गेश पुढे, त्या मागे, अशी दोघं वाकून आत गेली. मंडळींना वाटलं, वहिनी उंबरठ्याचं दर्शन घ्यायला गेल्या असतील.

बाहेर सत्कार सुरू झाला. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला. भाषणात ते म्हणाले की नानाजींनी आपल्या सगळ्यांच्या इच्छा पलीकडे पोचवल्या. टाळ्या झाल्या. दामिनीने पुढे येऊन त्यांचे पाय धरले. तिचा मुलगा पिंटू आता दाढीमिशीचा झाला आहे, त्याने फोटो काढले. त्या फोटोत नानाजींची नजर कॅमेऱ्याकडे नाही, कपारीच्या तोंडाकडे आहे.

रोडगे वाढून झाले तरी त्या आल्या नव्हत्या. आल्या तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, कोपरं खरचटलेली, केसांत वाळू. दुर्गेश त्यांच्या मागे, आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प. जयवंताबाईंनी हात धुतले, पंक्तीत बसल्या आणि पोटभर जेवल्या. परतीच्या बसमध्ये नानाजींनी त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती. त्या तिथेच बसल्या. भांडण वगैरे काही झालं नाही.

त्यानंतर मी मानकापूरला बरेचदा गेलो. घर वरून पाहता जसंच्या तसं आहे. नानाजींना वेळेवर चहा मिळतो, गुडघ्यांना तेल लावून मिळतं, औषधं मिळतात. फक्त एक झालं आहे. त्या नानाजींच्या नुसत्या सांगण्यावरून काहीच खरं धरत नाहीत. नानाजी म्हणाले, गॅसवाला येऊन गेला, तरी त्या फाटकापर्यंत जाऊन पाहून येतात. नानाजी म्हणाले, पाऊस येतो आहे, तर अंगणात जाऊन वर बघतात, मगच कपडे काढतात. यात राग नसतो, टोमणा नसतो. बाजारातला नवखा दुकानदार सांगतो ते जसं आपण तपासून घेतो, तसं. नानाजी ते बघत बसतात. जयवंताबाईंना त्यांच्यावर ओरडताना पाहिलं असतं तर मला कमी वाईट वाटलं असतं.

मंडळातल्या कोणाला काही कळलेलं नाही. दुर्गेशने तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षी तो डब्या पलीकडे ठेवून आला, असं तो मला म्हणाला. वहिनींना आत काय दिसलं, तेही मी त्याला विचारलं. तो म्हणाला, काकू माझ्याही पुढे गेल्या, मला थांबवून एकट्या गेल्या. हाक मारलीस तर उत्तर देईन म्हणाल्या आणि खूप वेळाने दिलं.

गेल्या महिन्यात मी आणि माझी बायको त्यांच्याकडे गेलो होतो. संध्याकाळची वेळ. नानाजी पोर्चमध्ये खुर्चीत, जयवंताबाई खाली बसून अंबाडीची भाजी निवडत होत्या. नानाजी आता फार थकले आहेत. इकडचं तिकडचं झाल्यावर ते मला म्हणाले, तुमचं ती ऐकते, तुम्ही विचारा. आत काय होतं ते एकदा विचारा. मला सांगत नाही.

मला काय करावं कळेना. पण जयवंताबाईंनी ते ऐकलंच होतं. निवडलेली भाजी एका बाजूला सारून त्या म्हणाल्या, विचारायचं काय आहे, सांगते.

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. तोंडाशी वाकावं लागतं, तिथे वरच्या दगडाला शेंदराचे जुने बोटांचे ठसे आहेत. उभं राहता येतं तिथे छताला मुळ्या लोंबतात, त्या चेहऱ्याला लागतात. सरपटायच्या जागी डावीकडून पाणी झिरपतं आणि मधेच एक टोकदार दगड आहे, तो सांभाळला नाही तर बरगडीत घुसतो. नानाजी मान डोलवत होते. हो, आहे. हो, तो दगड आहे. त्यांचे डोळे पाणावले होते, ते खुर्चीत पुढे सरकले होते. मग फट, तिच्या काठाचं शेवाळ, काठावर हात टेकून टेकून पडलेली एक गुळगुळीत जागा. आतून येणारा गार वारा.

एवढं सांगून जयवंताबाई थांबल्या.

"मंग?" नानाजी म्हणाले.

"एवढं तं तुमाले ठाऊकच हाये," त्या म्हणाल्या. भाजीची टोपली उचलली आणि स्वयंपाकघरात गेल्या. आतून नळाचा आवाज येऊ लागला. नानाजी माझ्याकडे बघत राहिले, जणू पुढचं मला माहीत असावं.